गडावरील कोठी आणि राज्यनीति

किल्ल्यांचा इतिहास लिहितांना आपल्याकडे वेढे, हल्ले आणि फितुरी यांवर जेवढी शाई खर्च झाली आहे, तिच्या दशांशही कोठीवर झालेली नाहीं. कोणता जिन्नस कोठें ठेवावा हा प्रश्न वाण्याचा, मुत्सद्द्याचा नव्हे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. शिवकालीन व तदुत्तर कागदांत हा प्रश्न थेट राज्य राखण्याचा म्हणून मांडलेला आहे, आणि तो मांडणारे पुरुष कांहीं सामान्य कारकून नव्हते.

राज्याभिषेकापूर्वीं चिपळूणजवळच्या छावणींतील अंमलदारांस शिवाजी महाराजांकडून गेलेलें पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणा व वैरण तेथें सांठविली होती. ती आतांच हवी तशी उधळली, तर ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील. मग शिपाई कुणब्याच्या घरचा दाणा, गवत, भाजी ओरबाडूं लागतील, आणि रयतेस याहून मोंगल बरा वाटूं लागेल, हा त्या पत्राचा आशय. पुढें आगीची ताकीद आहे. चूल, चिलीम, दिवा हें तर झालेंच. पण जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील, येथवर विचार पोंचला आहे! उंदरापासून निघालेली ही सांखळी राज्याच्या बदनामीपाशीं जाऊन थांबते. ज्यास ती दिसली, त्याला कोठी ही क्षुद्र बाब वाटणें शक्यच नव्हतें.

हाच विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत अठराव्या शतकाच्या आरंभीं नियमांच्या रूपानें आढळतो. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. भोंवतीं निरगुडीसारख्या झाडांचें दाट कुंपण असावें. खालीं तळघर करून त्यांत गच्च करावा, आणि दारूचीं मडकीं भुईवर न ठेवतां माचावर ठेवावीं. पण जागा ठरली म्हणजे काम संपलें, असें अमात्य मानीत नाहींत. आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें जातीनें यावें, माल बाहेर काढून उन्हें द्यावीं, आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. धान्यासाठीं दगडचुन्याची पक्की जमीन, कीं जेणेंकरून उंदीर, मुंगी, वाळवी यांचा शिरकाव होऊं नये. ज्या गोष्टीचा ज्या जिनसेस धोका, तीच गोष्ट तिची जागा ठरविते, असें हें धोरण आहे. आजच्या मोठ्या गुदामांत प्रत्येक फडताळास क्रमांक असतो, आणि गणकयंत्रावर तो टाकला कीं माल कोठें आहे हें तत्काळ कळतें. सोय मोठी, यांत शंका नाहीं. मात्र दारूशेजारीं दिवा ठेवूं नये हें कांहीं क्रमांक सांगत नाहीं.

जागेइतकाच हाताचा प्रश्न आहे. सभासदाच्या बखरींत गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे समान दर्जाचे अधिकारी सांगितले असून धान्य व लढाऊ सामान यांचा हिशेब कारखानिसाकडे दिला आहे. अर्थात् दरवाजाच्या किल्ल्या एकाजवळ, आणि कोठींत काय आहे हें लिहिणारी लेखणी दुसऱ्याजवळ. फितुरीनें गड जात, त्या काळीं ही विभागणी किती शहाणपणाची होती, हें निराळें सांगावयास नको.

हें सर्व कागदावरच राहिलें असें कोणास वाटत असेल, तर त्यानें पन्हाळ्याचा अंबरखाना पाहावा. या नांवाचा आकाशाशीं किंवा मलिक अंबराशीं संबंध जोडणारे वाटाडे आम्हांस भेटले आहेत. वस्तुतः फारशींत 'अंबार' म्हणजे सांठा किंवा कोठार. इमारती आदिलशाहीच्या काळापासूनच्या. बालेकिल्ल्याच्या पोटांत, भोंवतीं खंदक, अशा जागीं गंगा, यमुना व सरस्वती या नांवांचीं तीन कोठारें आहेत. पैकीं गंगा सर्वांत मोठें. तींत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असें सांगतात. आंत सोळा खण असून प्रत्येक खणाच्या छतास मधोमध भोंक आहे. बाहेरच्या जिन्यानें छतावर चढावें आणि जो खण भरावयाचा, त्याच्याच भोंकांतून धान्य ओतावें. पोतें पाठीवर घेऊन राशी तुडवीत आंत हिंडण्याचें कारण नाहीं, आणि रास कोठें पडावयाची हें गवंड्यानें आधींच ठरवून ठेवलेलें. वेढ्याच्या दिवसांत हें किती उपयोगी पडत असेल! सन १६६० मध्यें सिद्दी जौहराच्या वेढ्यांत महाराज सुमारें चार महिने याच गडावर अडकले होते. त्या चार महिन्यांच्या हकीकती आम्ही पुष्कळ वाचल्या. पावनखिंड तर मुलांनाही तोंडपाठ आहे. रोज सकाळीं या कोठारांचीं दारें उघडून दाणा मोजून देणाऱ्या माणसाचें नांव मात्र त्यांपैकीं एकींतही आमच्या वाचनांत आलें नाहीं.