पाजणाऱ्याचा शब्द

पुण्याकडून येताना नीरा ओलांडली की सातारा जिल्ह्यातले पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. 1648 साली आदिलशाही सरदार फत्तेखानाच्या स्वारीत इथल्या सुभानमंगळ कोटासाठी लढाई झाली, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत शिरवळचे नाव येते. पण सुभानमंगळच्या लढाईहून जुनी अशी एक वास्तू गावात उभी आहे, ती म्हणजे गजपृष्ठाकार छपराची दगडी पाणपोई. आत पाण्याचे रांजण आणि समोर वाटसरूंची वाट. थकलेल्या माणसाने ओंजळ पुढे करायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचे, एवढाच तिथला व्यवहार. ‘पोई’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘प्रपा’ आणि प्राकृत ‘पवा’ आहे. प्रथा आणि तिचे नाव दोन्ही एकाच ओंजळीतून पुढच्या पिढ्यांकडे आली. पेयाचे नाव लोकांच्या तोंडी रुळते ते माल आणणाऱ्यामुळे क्वचित, पाजणाऱ्यामुळे बहुधा, असे मला वाटते. हे म्हणणे तपासायला वलंदेजांइतके, म्हणजे डचांइतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

1602 मध्ये स्थापन झालेल्या डच कंपनीने 1637 च्या सुमारास आदिलशाही मुलखातल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणारी डच जहाजे तिथून रसद घेत. त्याच शतकात युरोपात चहा पोचवण्यात डच आघाडीवर होते, आणि चीनच्या फूज्यान किनाऱ्यावरच्या बोलीतला ‘ते’ हा उच्चार तिकडे ‘टे’ होऊन रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. पोर्तुगीजांनी मकावमध्ये ऐकलेला ‘चा’ घेतला. आता सुरतेकडे पाहू. 1689 मध्ये तिकडे यायला निघालेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन लिहितो, की डचांच्या घरी पाहुणचाराला चहा ठरलेलाच असे आणि त्यांची किटली विस्तवावरून क्वचितच उतरे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर चहा सर्वांत हौसेने उकळणारे लोक ‘टे’ म्हणत होते, तरी मराठीत आला तो ‘चहा’. तो पोर्तुगीजांकडून आला की फारसी-हिंदुस्तानीतून, यावर वाद घालता येईल. मात्र त्या वादात डचांना जागा नाही. त्यांची किटली वखारीच्या भिंतीआड उकळत होती, ओसरीवर किंवा धर्मशाळेत ती कधी आलीच नाही.

यावर कोणी म्हणेल, ब्रँडी आणि जिन हे शब्द डचच नाहीत का? आहेत. ‘ब्रांडेवेन’ म्हणजे जाळलेली, अर्थात ऊर्ध्वपातित केलेली वाइन. तिचा इंग्रजीत संक्षेप झाला ब्रँडी. ‘येनेव्हर’ म्हणजे ज्युनिपरच्या फळांनी वास दिलेली दारू, तिची झाली जिन. ‘कॉफी’ हे इंग्रजी रूपही डच ‘कॉफी’वरूनच घडले असे मानतात, आणि त्याचे मूळ अरबी ‘कहवा’त आहे. पण हे शब्द मराठीत आले ते इंग्रजांच्या छावणीतून, क्लबातून आणि दुकानांतून. वेंगुर्ल्यापासून आंबोलीचा घाट चढून ते देशावर आले नाहीत. डच माल घडवणारे, इंग्रज पाजणारे. मराठीने शब्द घेतला तो इंग्रजांकडून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डच संख्येने थोडे होते आणि त्यांची सत्ता इथे नव्हती, तेव्हा शब्द न उरण्यात नवल काय? पण थोडे असणे हे एकच कारण पुरत नाही. श्रीलंकेच्या सिंहली भाषेत चहाला ‘ते’ म्हणतात आणि तिथे डचांची सत्ता 1658 ते 1796 एवढी टिकली. त्या ‘ते’चे श्रेय पुढे इंग्रजांनाही देता येईल, हे मान्य. म्हणून तो पुरावा मी हात राखूनच वापरतो. मात्र सिंहलीत स्वयंपाकी आणि खोली यांची नावेही डच वळणाची आहेत. तिथे डच लोक घरे करून राहिले, लग्ने केली, चुली मांडल्या. इथे त्यांनी गोदाम ठेवले. शिवाय या किनाऱ्यावर परक्यांशी बोलण्याची चालती भाषा पोर्तुगीज होती आणि डचांनाही तिच्यावरच काम भागवावे लागे. ज्यांच्याशी व्यवहार करायला त्यांची भाषा शिकावी लागत नाही, त्यांच्या घरचे शब्द कोण उचलणार? पोर्तुगीजांनी मात्र पाव, बटाटा, काजू ही नावे थेट आपल्या स्वयंपाकघरात आणून सोडली.

तेव्हा एखाद्या परक्या भाषेतले पेयांचे शब्द यादी करून पाठ करणे हा शिकण्याचा एक मार्ग आहे, पण समाज तसा शिकत नाही. समाजाला शब्द लागतो तो ओंजळ किंवा कप पुढे करताना. शिरवळच्या पाणपोईने पाणी पाजले म्हणून ‘पोई’ टिकली. डचांनी मराठी माणसाला बसवून काही पाजल्याची खूण भाषेत उरलेली नाही. मराठेशाहीच्या राजनीतीवरील ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात टोपीकर व्यापाऱ्यांमध्ये त्यांची गणना आहे ती ‘वलंदेज’ म्हणून, आणि हे नावही मराठीने पोर्तुगीज ‘ओलांदेझ’वरून घेतलेले आहे.