रिपोर्टमधला कमी आकडा

दोहात राहत असाल किंवा डब्लिनमध्ये, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज तुम्हाला कधी ना कधी आलाच असेल : 'बाबांचं युरिक ॲसिड वाढलंय. डाळ, पालक बंद.' वाढलं की वाईट आणि कमी झालं की चांगलं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. कोरोनाने मात्र हा हिशोब चुकवला. कसा, ते समजायला जरा मागे जाऊ.

१७७६ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले याला मुतखड्यात हे आम्ल सापडलं. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात ते जास्त असतं हे दाखवलं. त्याची पुढची चाचणी अगदी साधी होती. काचेच्या बशीत रक्ताचा सीरम घ्यायचा, त्यात ॲसिटिक ॲसिड घालायचं, एक धागा सोडायचा आणि वाट बघायची. धाग्यावर स्फटिक जमले की युरिक ॲसिड जास्त! म्हणजे ही चाचणी जन्मली तीच 'जास्त' ओळखायला. 'कमी'कडे बरीच वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही.

मग २००३ मध्ये सार्सची साथ आली. तैवानमधल्या डॉक्टरांना दिसलं, की काही रुग्णांच्या रक्तातलं युरिक ॲसिड खूप खाली गेलंय, पण लघवीतून ते भरपूर बाहेर पडतंय. आणि हेच रुग्ण जास्त गंभीर होत होते. त्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये आला, पण तोवर साथ संपली होती. २०२० मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी कोविडचे ४९ रुग्ण तपासले. जवळपास निम्म्यांमध्ये हेच चित्र दिसलं, आणि त्यांना व्हेंटिलेटर लागण्याची शक्यताही जास्त होती.

असं का होतं? मूत्रपिंड आधी युरिक ॲसिड गाळून बाहेर काढतं आणि मग त्यातलं साधारण ९० टक्के परत रक्तात ओढून घेतं. हे काम करणाऱ्या बारीक नळ्यांनाच इजा झाली, तर ते लघवीवाटे वाहून जातं. म्हणजे कमी आकडा हे आजाराचं कारण नव्हे, खूण आहे. मग जास्त असलेलं बरं का? तेही नाही. वुहानच्या रुग्णांमध्ये दोन्ही टोकांना धोका दिसला. मूत्रपिंड गाळायचंच थांबलं, की आकडा वर चढतो.

आता कतारला येऊ, कारण 'नॉर्मल म्हणजे कुणाचं नॉर्मल?' हा प्रश्न तिथे फार ठळक होतो. तिथला पहिला रुग्ण २९ फेब्रुवारी २०२० ला सापडला. मार्चच्या मध्यावर दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाचा, म्हणजे भारत, नेपाळ, बांगलादेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीचा, मोठा भाग बंद केला गेला. वर्षअखेरीस रुग्ण सुमारे १ लाख ४३ हजार होते आणि मृत्यू २५० च्या आत. एक मोठं कारण म्हणजे तिथली लोकसंख्या तरुण आहे. शिवाय चारांतले जवळपास तीन पुरुष.

पुरुषांचं युरिक ॲसिड मुळातच बायकांपेक्षा जास्त असतं. भर उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलं, की आणखी वाढतं. समजा, असा एक कामगार आहे. त्याचं एरवीचं युरिक ॲसिड ७, आणि आजारपणात ते ४ वर आलं. लॅबच्या कागदावर ४ म्हणजे नॉर्मल, शेजारी काही खूण नाही. पण त्याच्यासाठी ते जवळपास निम्म्यावर आलेलं आहे. हे ओळखायचं, तर जुना रिपोर्ट हवा. तो कुठून आणायचा? व्हिसाच्या मेडिकलमध्ये क्षयरोग, एचआयव्ही असे संसर्ग शोधतात. माणूस तब्येतीने एरवी कसा असतो, याची नोंद ठेवणं हा त्या तपासणीचा हेतूच नसतो.

तुमच्यापैकी अनेकांची अवस्था वेगळी नाही. एक रिपोर्ट पुण्याच्या कपाटात, दुसरा जुन्या देशातल्या ॲपवर, तिसरा हरवलेला. एका आकड्यावरून कुणी स्वतःच्या मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नये, हे तर आहेच. पण ग्रुपवर पुढचा रिपोर्ट आला, की 'डाळ बंद' म्हणण्याआधी एवढं नक्की विचारा : मागच्या वर्षीचा रिपोर्ट कुठे आहे?