ध्रुवीय प्रदेश आणि ताऱ्यांचे अखंड वेध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ताऱ्यांच्या सूक्ष्म कंपनांवरून त्यांच्या अंतर्भागाची रचना उलगडते. मात्र एकाच वेधशाळेतील निरीक्षणे दिवस-रात्रीच्या चक्रामुळे दर चोवीस तासांनी खंडित होतात आणि विश्लेषणात खऱ्या वारंवारतांसोबत आभासी वारंवारताही दिसू लागतात. ध्रुवावर तारे उगवत वा मावळत नाहीत. ते क्षितिजाला समांतर फिरतात. म्हणूनच अखंड वेधांसाठी ध्रुवीय प्रदेशाचा विचार पुढे आला.

दक्षिण ध्रुवावरील प्रारंभ :
आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या (१९५७-५८) निमित्ताने अमेरिकेने दक्षिण ध्रुवावर अमुंडसेन-स्कॉट स्थानक उभारले. १९७९-८० च्या ध्रुवीय उन्हाळ्यात ग्रेक, फोसा व पोमेरान्त्झ यांनी तेथून सुमारे पाच दिवस सूर्याचे सलग वेध घेतले. त्यातून सूर्याच्या कंपनांच्या वारंवारता सुट्या ओळखता आल्या. अखंडतेचे मोल या प्रयोगाने सिद्ध केले.

ताऱ्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता. ध्रुवावर सूर्य क्षितिजाखाली फार संथपणे उतरतो. त्यामुळे सहा महिन्यांच्या रात्रीतील पूर्ण अंधार जेमतेम अकरा आठवडे टिकतो. शिवाय बर्फालगतचा अस्थिर हवेचा थर तेथे २०० मीटरपेक्षा जाड असल्याने ताऱ्यांच्या प्रतिमा अस्पष्ट होतात.

डोम-सी :
यामुळे लक्ष अंटार्क्टिक पठाराच्या माथ्यांकडे वळले. फ्रान्स व इटली यांचे काँकॉर्डिया स्थानक ३,२३३ मीटर उंचीवरील डोम-सी येथे आहे. उतारावरून वाहणारे वारे माथ्यावर मंद असतात, त्यामुळे अस्थिर थर सुमारे ३० मीटरच भरतो. त्या थराच्या वर ताऱ्यांच्या प्रतिमा अत्यंत स्थिर असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसले. २००५ पासून तेथे हिवाळी मुक्काम सुरू झाला, तर २०१० मध्ये ४० सेंटिमीटरची 'अॅस्टेप' दुर्बीण कार्यरत झाली. मात्र ७५ अंश दक्षिण अक्षांशामुळे ऐन हिवाळ्यातही मध्यान्ही संधिप्रकाश असतो आणि उणे ६० अंशांखालील तापमानात आरशांवर हिम साचते.

निष्कर्ष :
१९९५ मध्ये उदयपूरसह सहा वेधशाळांच्या 'गाँग' जाळ्याने सूर्यासाठी, तर २००९ मध्ये 'केप्लर' अवकाश दुर्बिणीने ताऱ्यांसाठी अखंडतेचे अन्य मार्ग खुले केले. तरीही हिवाळ्यात एकाच दुर्बिणीने दीर्घकाळ वेध घेण्याची सोय हे ध्रुवीय स्थळांचे वैशिष्ट्य कायम आहे. ध्रुवाच्या जितके जवळ तितके उत्तम, हे मूळ गृहीतक मात्र अपुरे ठरले. अक्षांश तारा नजरेसमोर ठेवतो. निर्दोष वेधांसाठी अंधार व स्थिर हवाही तितकीच आवश्यक ठरते.