दाणादाण

1872 साली खानदेशात गिरणा नदीला महापूर आला आणि भडगावची वाताहत झाली. केले पाण्याने, नाव मात्र वाऱ्याचे! ‘वात’ म्हणजे वारा आणि ‘आहत’ म्हणजे तडाखा बसलेला.

इंग्रजीने पडक्या घरासाठी दगड उचलला. ‘डायलॅपिडेटेड’च्या पोटात लॅटिन ‘लॅपिस’ दडलेला आहे, त्याचा अर्थ दगड. ज्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला, त्याचा अर्थ पैसा उधळणे असाही होता. म्हणजे घर पडण्याआधी ते कुणी उडवले, याचाही सुगावा शब्दातच. खानदेशातल्या मातीच्या धाब्याच्या घराला मात्र हा शब्द शोभत नाही. तिथे दगड कुठले विखुरणार? भिंत भिजते, फुगते, ढासळते.

मायदेशाबाहेर विखुरलेल्या लोकांसाठीचा ‘डायस्पोरा’ हा शब्द थेट शेतातून आलेला. ग्रीक ‘स्पायरेन’ म्हणजे पेरणे. बुरशीचा ‘स्पोर’ आणि अधूनमधून घडणारे ते ‘स्पोरॅडिक’, ही त्याचीच भावंडे. आपल्या ‘दाणादाण’मध्येही दाणाच आहे, पण तो सांडलेला. 1761 साली पानिपतावर मराठी फौजेची झाली ती दाणादाण. तिला कुणी पेरणी म्हणणार नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र ग्रीक शब्द बरोबर बसतो, कारण पेरलेले उगवते.

विखुरण्यासारखेच मराठीत ‘फुटणे’ हेही बहुधा वाईटच. घर फुटते, धरण फुटते, पेपर फुटतो. पण भडगावच्या शिवारात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला, की जो तो वेचणीला मजूर शोधत फिरतो.