आपल्याच खटल्यात न्यायाधीश

नेट-पेटची तयारी करताना एक वाक्य तुम्ही नक्की पाठ केलेलं असणार: कॅल्क्युलसचा शोध न्यूटन आणि लायब्निझ या दोघांनी स्वतंत्रपणे लावला. मीही केलं होतं. पण त्यातला 'स्वतंत्रपणे' हा शब्द कशाच्या जोरावर आला, हे कधी विचारलंत का? कारण १७१२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने निकाल दिला तो असा: पहिला शोधक न्यूटन, आणि लायब्निझवर चोरीचा संशय घेणाऱ्या जॉन कीलचं काहीही चुकलेलं नाही.

आता गंमत बघा. सोसायटीचा अध्यक्ष कोण? न्यूटन. अहवालाचा मसुदा कोणी लिहिला? न्यूटनने. पुढे १७१५ मध्ये सोसायटीच्याच नियतकालिकात या अहवालाचं लांबलचक निनावी परीक्षण आलं, तेही त्याचंच. लायब्निझची बाजू समितीने ऐकलीच नाही. (पीअर रिव्ह्यूला नावं ठेवताना हे आठवत जा.)

तरी संशय अगदीच हवेतला नव्हता. न्यूटनने आपली पद्धत १६६५-६६ च्या सुमारास शोधली, पण छापली नाही. लायब्निझचा लेख छापून आला १६८४ मध्ये. मधे १६७६ च्या ऑक्टोबरात लायब्निझ लंडनला गेला होता आणि तिथे त्याने न्यूटनचं एक अप्रकाशित हस्तलिखित पाहिलं, त्यातून टिपणंही काढली. एवढंच वाचलं तर तुम्हीही म्हणाल, झालं, पकडला गेला!

पण त्याची कागदपत्रं हॅनोवरमध्ये जपून ठेवलेली होती. अभ्यासकांनी ती उघडली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. लंडनच्या टिपणांत त्याने अनंत श्रेणींचा भाग उतरवून घेतला होता. कॅल्क्युलसचा गाभा नाही. आणि तो गाभा त्याच्याकडे आधीच होता: आपण आज वापरतो ते संकलनाचं लांबट एस-सारखं चिन्ह २९ ऑक्टोबर १६७५ च्या कागदावर आहे. म्हणजे लंडनभेटीच्या साधारण वर्षभर आधी. तारीख घातलेला एक कागद समितीच्या अख्ख्या अहवालाला भारी पडला.

भांडण फक्त मानाचं होतं असं मात्र मला वाटत नाही. न्यूटनची राशी काळाबरोबर 'वाहते'. त्यामागे सगळ्यांपासून अलिप्त, एकसारखा सरकणारा काळ गृहीत आहे. लायब्निझ लहान लहान फरकांचा हिशेब मांडतो, त्याला असा वाहता काळ लागत नाही. हाच भेद १७१५-१६ च्या पत्रव्यवहारात उघड झाला. राजकन्या कॅरोलाइनच्या मध्यस्थीने लायब्निझ लिहीत होता आणि न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क उत्तरं देत होता. लायब्निझचा मुद्दा साधा होता: सगळं विश्व जसंच्या तसं उचलून थोडं बाजूला ठेवलं, तर फरक कोणाला कळेल? कळणारच नसेल, तर वस्तूंपासून वेगळा असा 'अवकाश' मानायचा कशाला? क्लार्कचं उत्तर होतं गतीचं. चालतं जहाज एकदम थांबलं तर आत बसलेल्याला धक्का बसतोच ना! मला हा मुद्दा कच्चा वाटत नाही. सरळ एकसारखी गती लपते. वेग बदलला की लपत नाही.

क्लार्कचं पाचवं उत्तर तयार झालं, पण त्यावर लायब्निझचं काही आलं नाही. नोव्हेंबर १७१६ मध्ये तो हॅनोवरला वारला.