ऑक्सिजनच्या नळातून ऑक्सिजनच येतो, हे कशावरून?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना ऑक्सिजनची गळती झाली, पाइपलाइनमधला दाब उतरला आणि वीसपेक्षा जास्त रुग्ण दगावले. तेव्हापासून इथे बोळिंजमध्येही नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, तिथे ऑक्सिजनचं प्रेशर नीट असतं ना?" प्रश्न योग्य आहे, पण अर्धाच आहे. काटा दाब किती ते सांगतो, आत कोणता वायू आहे ते सांगत नाही. या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचा इतिहास पाहू या.

सडबरी ते इंदूर

१९७३ साली कॅनडातल्या सडबरी शहरातील एका रुग्णालयाच्या नव्या विभागात ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड (भुलीसाठी वापरतात तो वायू) यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली. ती लक्षात यायला काही महिने गेले. वीसहून अधिक मृत्यूंशी या चुकीचा संबंध जोडला गेला.

इतके दिवस कोणाला कसे कळले नाही? दोन्ही वायूंना रंग नाही. दोन्ही पाइपलाइनमध्ये दाब साधारण ४ बारच असतो. फ्लोमीटरमधली गोळीही तशीच वर चढते. रुग्ण निळा पडू लागला की डॉक्टर 'ऑक्सिजन' वाढवतात, म्हणजे प्रत्यक्षात चुकीचाच वायू वाढतो. रुग्ण आधीच गंभीर असल्याने दोष आजाराला दिला जातो.

यानंतर मानके आली, तरी २०१६ साली हेच पुन्हा घडले. मे महिन्यात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या नव्या शस्त्रक्रियागृहात ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड गेल्याने दोन मुले दगावली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम रुग्णालयात अशाच चुकीने एक नवजात बाळ दगावले आणि दुसऱ्याच्या मेंदूला इजा झाली. तिथली नळी आदल्या वर्षी बसवलेली होती. बसवल्यानंतरची चाचणी नीट झाली नव्हती.

मोजायचे कसे?

सगळ्या नळ्या एकदम भरल्या तर प्रत्येक काटा ४ बार दाखवतो आणि अदलाबदल लपून राहते. म्हणून एका वेळी एकच नळी भरायची, बाकीच्या रिकाम्या ठेवायच्या आणि प्रत्येक आउटलेट उघडून पाहायचे.

गळती तपासतानाही काटा फसवू शकतो. पहाटे वाचन घेतले आणि दुपारी नळी १० अंशांनी तापली, तर ४ बारचा दाब सुमारे ०.१७ बारने आपोआप वाढतो. बारीक गळती असेल तर ती त्यात झाकली जाते. म्हणून दाबासोबत तापमानही लिहून ठेवावे लागते.

वायू ओळखायला ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लागतो. १९४० साली लायनस पाउलिंग यांनी अमेरिकी नौदलाच्या गरजेतून असे यंत्र बनवले. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड ओढले जात नाहीत, हे त्यामागचे तत्त्व. पुढे हे यंत्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या इन्क्युबेटरसाठीही वापरले गेले.

आज हातात धरायच्या अनेक यंत्रांत रासायनिक सेल असतो आणि तो हळूहळू संपत जातो. जुना सेल खोलीतल्या हवेत २०.९ टक्के बरोबर दाखवून शुद्ध ऑक्सिजनला मात्र कमी आकडा देऊ शकतो. म्हणून यंत्र हवेवर आणि १०० टक्के ऑक्सिजनवर, असे दोन्हीकडे जुळवून घ्यायचे.

कोविडनंतर ठिकठिकाणी पीएसए प्लांट बसले, त्यामुळे हे आणखी महत्त्वाचे झाले आहे. टँकरचा द्रव ऑक्सिजन ९९ टक्क्यांहून शुद्ध असतो, तर प्लांटचा ९० ते ९६ टक्के. तिथे ८५ हा आकडा खरा की सेल जुना, हे जुळवलेल्या यंत्राशिवाय ठरवता येत नाही.

लक्षात ठेवा

नवा आयसीयू किंवा ऑपरेशन थिएटर सुरू करताना, तसेच पाइपलाइनची प्रत्येक दुरुस्ती झाल्यावर, रुग्ण घेण्याआधी प्रत्येक आउटलेटवर अ‍ॅनालायझर लावून आकडा लिहावा; तेव्हा भूलतज्ज्ञ हजर असावेत. आणि भिंतीतल्या ऑक्सिजनवर रुग्ण अचानक निळा पडला, तर नळ वाढवत बसू नये. पाइपलाइन काढून वेगळा सिलिंडर जोडावा, कारण शोधणे नंतर.