सांबारातला काना

इडलीच्या ताटलीशेजारी वाटी आली की टेबलावरचा कोणीतरी ती गोष्ट हमखास सांगतो. संभाजीराजे तंजावूरला आपले चुलतभाऊ शहाजीराजे यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. त्या दिवशी आमटीत घालायचे कोकम नेमके संपलेले. मुदपाकखान्यात कोणाला तरी चिंचेची युक्ती सुचली, राजे खूश झाले आणि ‘संभा-आहार’ म्हणून त्या पदार्थाचे नाव पडले सांबार. ऐकणाऱ्या मराठी माणसाची छाती दोन बोटे फुगते आणि तो आणखी एक वाटी मागवतो.

गोष्ट चवदार आहे, पण तारखांच्या भांड्यात ती शिजत नाही. शहाजीराजे तंजावूरच्या गादीवर आले १६८४ साली. संभाजी महाराजांची हत्या झाली मार्च १६८९ मध्ये. मधल्या पाच वर्षांत औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला. त्या धामधुमीत शेकडो कोस दक्षिणेला जाऊन आमटी चाखायला कोणाला सवड होती? शिवाय कोकम हे कोकणचे. वेरूळ-पुण्याकडच्या भोसल्यांच्या घरी आमटीला चिंच लागत होतीच, ती शोधून काढायला अपघाताची गरज नव्हती. आणि तमिळ देशात तर चिंचेला आणि आंबटपणाला मिळून एकच शब्द आहे, पुळि. तिथे कोणी चिंचेचा शोध लावला म्हणणे म्हणजे कोल्हापूरला कोणी तिखट नेऊन दिले म्हणण्यासारखे आहे.

अशा गोष्टी का जन्मतात, हे त्या गोष्टीतल्याच एका शब्दावरून कळते: मुदपाकखाना. हा शब्द इतका अस्सल वाटतो की त्यात ‘पाक’ आहे म्हणजे तो संस्कृतच असणार, असे आपण धरून चालतो. मुळात तो अरबी ‘मत्बख’, म्हणजे स्वयंपाकघर. त्याचे मराठी तोंडात मुदबख झाले, आणि मुदबखाचा अर्थ लागेना तेव्हा त्यात ‘पाक’ बसवून मुदपाक केले. न कळणाऱ्या शब्दाला ओळखीचे नाव चिकटवायची ही खोड जुनी आहे. सांबारात संभाजी शोधणारे तीच खोड पुढे चालवत आहेत.

मग सांबार आले कुठून? संस्कृतात ‘संभार’ म्हणजे गोळा केलेले साहित्य, जमवाजमव. यज्ञाची सामग्री म्हणजे संभार. मराठीत तो शब्द अजून जटासंभार, केशसंभार यांत भेटतो. स्वयंपाकघरात आला तेव्हा तो भाजीत, आमटीत, लोणच्यात घालायच्या जिनसांना लागला: धणे, मिरे, हिंग, मेथी, हळद, ओला मसाला. नंतर या जिनसांपैकी कधी एकाला, कधी सगळ्यांना मिळून आणि कधी त्या घातलेल्या पदार्थालाच ते नाव मिळाले.

यासाठी तंजावूरला जायचीही गरज नाही. नागपुरात भाजीवालीकडे सांबार मागा, ती कोथिंबिरीची जुडी देईल. सांबारवडी म्हणजे तीच कोथिंबीर भरलेली पुडाची वडी. मालवणात आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्यांचे सांबारे असते, त्यात खोबरे आणि गरम मसाला, तुरीच्या डाळीचा पत्ता नाही. पाठारे प्रभूंच्या घरी सांबार हा मसाल्याचा डबा आहे. गुजरातेत कोबी-गाजराचा संभारो ताटाच्या कडेला येतो. केरळात ‘संभारम्’ मागितले तर आले, हिरवी मिरची आणि कढीपत्ता ठेचून घातलेले ताक मिळते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्याच्यासारखे दुसरे काही नाही. एकाच शब्दाची ही पाच घरे. एकातही संभाजीराजे जेवायला आलेले नाहीत आणि एकातही इडली नाही.

तमिळमध्येही हा शब्द मराठ्यांच्या आधीपासून आहे. शहाजीराजांचे वडील व्यंकोजीराजे यांनी तंजावूर घेतले ते १६७६ च्या सुमारास. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधीच्या, १५३० सालच्या, एका शिलालेखात देवाच्या नैवेद्याच्या संदर्भात ‘चंबारम्’ आलेले आहे, मसाल्याचे जिन्नस या अर्थाने. तेव्हा खटला संपला, सांबार तमिळांचे, मराठ्यांचा काही संबंध नाही, असे म्हणून मोकळे होता येईल. अलीकडे तसे म्हणणारेही पुष्कळ झाले आहेत. पण मला तोही निकाल घाईचा वाटतो, आणि त्याचे कारण एक काना आहे.

जुना तमिळ शब्द आहे चंबारम्, पहिले अक्षर ऱ्हस्व आणि शेवटी ‘अम्’. पदार्थाचे आजचे तमिळ नाव आहे ‘साम्बार्’, पहिले अक्षर दीर्घ आणि शेवटचा अम् गायब. (तमिळ लिपीत च आणि स एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे त्या फरकाकडे लक्ष देऊ नये.) संस्कृतातून थेट घेतलेल्या शब्दात तमिळ सहसा ऱ्हस्वाचे दीर्घ करत नाही. चंद्राचा तिथे चंदिरन् होतो, संधीची सन्दि होते. दीर्घ करण्याची सवय आपली. दंत–दात, पंच–पाच, संध्या–सांज, चंद्र–चांद. अनुस्वारासकट जोडाक्षर आले की मराठी आधीचा अ ताणून आ करते. त्याच चालीने संभाळचे सांभाळ झाले आणि संभारचे सांभार. म्हणजे तमिळ साम्बारातला तो काना तमिळचा नाही. तो मराठीसारख्या एखाद्या भाषेतून आलेला आहे.

‘मराठीसारख्या’ असे जपून म्हणण्याचे कारण असे की तंजावूर-मदुराईत सौराष्ट्री बोलणारे रेशीम विणकरही पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि त्यांची भाषाही आपल्याच गोतातली. शब्द त्यांच्या तोंडून गेला असेल, असे कोणी म्हटले तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. पण दरबार मराठी, दफ्तर मोडी, छत्रांमधून वाटसरूंना जेवण घालणारा खर्च मराठी सरकारचा, आणि मुदपाकखान्यात देशावरून आलेले आचारी. पावणेदोनशे वर्षे ही स्थिती होती. पारडे कुठे झुकते ते सांगायला नको. उलट ‘भ’चा ‘ब’ झाला यावरून मात्र काही सिद्ध करू नये. तमिळमध्ये महाप्राण नाही हे खरे, पण मालवणी सांबाऱ्याला आणि नागपुरी सांबाराला तमिळने हात लावलेला नाही, तरी तिथेही भ सैल पडलेला आहे.

थोडक्यात, शब्द संस्कृत, वापर जुना तमिळ, आणि आज जे रूप आपण उच्चारतो त्यावर मराठी उच्चाराचा छाप. संभाजीराजांची गोष्ट खोटी, पण तिच्या मागचा अंदाज अगदीच वाया गेलेला नाही.

तंजावूरचा राजवाडा आज पाहायला जावे तर लोक दरबार हॉल पाहतात, घंटाघराकडे मान वर करून बघतात आणि सरस्वती महाल ग्रंथालयात शिरतात. मूळ वाडा नायकांचा, त्यावर मराठ्यांनी बांधत नेलेला. इथून चालत जाण्याच्या अंतरावर मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांच्या घराण्याचा मराठी इतिहास आहे, तोही बरेच जण बघतात. सरस्वती महालात मात्र शिल्पांची आणि औषधांची पुस्तके विचारणाऱ्यांनी एकदा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ विचारावे. शरभेंद्र म्हणजे दुसरे सरफोजी, कारकीर्द १७९८ ते १८३२. वैद्यकापासून छापखान्यापर्यंत सगळ्यात नाक खुपसणाऱ्या या राजाने स्वयंपाकही लिहून काढवला. सरस्वती महालाने तो ग्रंथ छापलेला आहे. मराठीच्या अभ्यासकांनी बखरींना जेवढे पान दिले, त्याच्या दशांश याला दिले असते तर बरे झाले असते, असे माझे मत आहे. बखरीत राजे काय म्हणाले ते असते, पाकशास्त्रात लोक जिनसांना काय म्हणत ते असते.

राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत आणि कावेरीकाठच्या गावांत मराठी घरे अजून आहेत. पण मराठी शब्दांचा खरा मुक्काम आता शेजारच्या तमिळ घरांत आहे, आणि त्या घरांना त्याची गंधवार्ता नाही. ‘रसवांगी’ घ्या. वांगे, डाळ, चिंच, भाजून वाटलेले खोबरे-धणे, असा दाट पदार्थ. तमिळमध्ये वांग्याला कत्तरिक्काय् म्हणतात, ‘वांगी’ हा शब्द त्यांचा नाही. त्यामुळे तिथली सुगरण ‘कत्तरिक्काय् रसवांगी’ असे बिनदिक्कत म्हणते, म्हणजे वांग्याची रसवांगी. आणि तीच बाई कोहळ्याची रसवांगीही करते! वांगे गेले, नाव राहिले. आपण तरी काय, तिळाचा थेंब नसलेल्या शेंगदाण्याच्या रसालाही तेलच म्हणतो.

‘पिट्लै’ची गंमत याच्या उलट आहे. आपल्या पिठल्यात पीठ हाच जीव. तंजावूरकडचे कारल्याचे पिट्लै मात्र डाळ, चिंच आणि भाजून वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीच्या मसाल्यावर उभे असते, त्यात बेसन कालवत नाहीत. नाव पिठावरून, पदार्थात पीठ नाही. माझा तर्क असा की त्यांनी घेतला तो पदार्थ नव्हे, त्याचा दाटपणा घेतला. पळीवरून पडताना जे थबकते ते पिठले, मग आत काही का असेना.

‘डांगर पच्चडि’ मात्र पदार्थ आणि नाव दोन्ही शाबूत ठेवून आहे. उडदाचे पीठ भाजून, दह्यात किंवा ताकात कालवून वरून मोहरीची फोडणी. हेच आपल्याकडचे डांगर. आता पुण्यामुंबईच्या नव्या घरांतून ते जवळजवळ हद्दपार झाले आहे, आणि खानदेशात डांगर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लाल भोपळा येतो. तेव्हा जुने डांगर खायचे असेल तर पुण्यापेक्षा तंजावूरचा भरवसा अधिक.

ऋतूप्रमाणे बघायचे तर भोगीचा दिवस घ्यावा. आपल्याकडे त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल, गाजर, वांगी यांची मिसळीची भाजी. तिकडे पोंगलच्या आदल्या दिवशी ‘बोळि’. ही आपली पोळी, पण नुसती नव्हे, पुरणाचीच. मराठीत पोळी म्हटले की रोजची आली, पुरणाची असेल तर तसे सांगावे लागते. तमिळमध्ये नुसते बोळि म्हटले की ती पुरणाचीच. भात खाणाऱ्या मुलखात रोजच्या पोळीचे काम नव्हते, म्हणून सणाची तेवढी गेली. हळदीने पिवळे केलेले मऊ पीठ, केळीच्या पानावर तेलाच्या हाताने थापायचे. लाटण्याचे काम नाही. पुण्याची पुरणपोळी अशी थापलेली पाहून नाक मुरडणाऱ्याने एकदा ती गरम असताना तुपाबरोबर खावी.

मुलगी पाहायला गेले की आपल्याकडे कांदेपोहे. त्या शब्दाचा अर्थच आता तो समारंभ झाला आहे. तमिळ ब्राह्मण घरांत त्याच प्रसंगाचे नाव ‘सोज्जी-बज्जी’. सोजी म्हणजे गव्हाचा बारीक रवा, त्याचा गोड सांजा, आणि बज्जी म्हणजे आपली भजी. दोन्ही शब्दांत ‘ज’ आहे, आणि तमिळच्या स्वतःच्या वर्णमालेत ज नाही. तो ग्रंथ लिपीतून उसना घेतलेला. तमिळ पाककृतीच्या पुस्तकात ते अक्षर दिसले की समजावे, पाहुणा बाहेरचा आहे.

हे सगळे एकाच दिशेने गेले असे मात्र मराठी माणसाने समजू नये. टोमॅटोचे, कोकमाचे सार आपण करतो, त्या साराचे संस्कृत ‘सार’शी नाते सांगणे सोपे आहे, पण तमिळ ‘सारु’ आणि कन्नड ‘सारु’ म्हणजे नेमका हाच पातळ आंबट रस. तूप तर कन्नडचे ‘तुप्प’, संस्कृत घृताला आपल्या ताटात जागाच मिळाली नाही. तेव्हा वरणभातावर तूप घेऊन ‘आम्ही त्यांना सांबार दिले’ म्हणण्यात फारशी शान नाही.

एक विनंती मात्र जरूर करायची आहे. तंजावूर, कुंभकोणम्, चेन्नई, बंगळूर इथल्या मराठी घरांत आजीच्या हाताने लिहिलेल्या स्वयंपाकाच्या वह्या अजून असतील. काही मोडीत, काही बाळबोधीत, काही तमिळ लिपीत लिहिलेल्या मराठीत. मुले आता त्या टाइप करून ठेवतात, ते चांगलेच आहे. पण करताना शुद्धलेखन सुधारू नका. आजीने ‘सांभार’ लिहिले असेल तर सांबार करू नका, ‘पिट्ला’ लिहिले असेल तर पिठले करू नका, ‘डांगर’च्या जागी उडदाची चटणी लिहू नका. पानाचा फोटोही सोबत ठेवा. ऱ्हस्व, दीर्घ, काना, अनुस्वार जसा आहे तसाच उतरवा.